ट्रॉलीतली बॅटरी का भरत नाही?

मार्गशीर्ष लागला की निपाणी, चिकोडी, संकेश्वर भागातले काही ट्रॅक्टर चार दिवस ऊस ओढायचं सोडून यात्रेला निघतात. ट्रॉलीवर बांबूच्या कमानी उभ्या राहतात, वर ताडपत्री ताणली जाते, खाली पिंजर आणि त्यावर चटया. एका अंगाला पिठाचे डबे, शेगडी, पाण्याची घागर. घरची, भावकीची माणसं बसतात आणि सौंदत्तीला यल्लम्माच्या डोंगराकडं वाटचाल सुरू होते. माघात पुन्हा तेच. कुणी सौंदत्तीला जातं, कुणी रायबाग तालुक्यात चिंचलीच्या मायाक्काला. दोन-तीन रात्री मुक्काम पडतो आणि तेवढे दिवस राहणं, रांधणं, झोपणं सगळं ट्रॉलीत नाहीतर ट्रॉलीच्या सावलीत.

पूर्वी कंदिलावर भागायचं. आता ट्रॉलीत चार एलईडी बल्ब लागतात, लहान मुलांसाठी एखादा पंखा लागतो आणि प्रत्येकाच्या हातात फोन असतो. म्हणून लोक ट्रॉलीत एक जादा बॅटरी ठेवतात, बहुतेक घरातल्या इन्व्हर्टरचीच काढून आणतात. ट्रॅक्टरवरून दोन वायरी मागं ओढायच्या, म्हणजे वाटेनं बॅटरी भरेल आणि रात्री उजेड होईल, असा हिशोब.

पी. बी. रोडला माझं ऑटो इलेक्ट्रिकचं दुकान आहे. या दिवसांत येणारी तक्रार ठरलेली असते. "मिस्त्री, ट्रॉलीतली बॅटरी चढंना झालीया. ट्रॅक्टर दिवसभर चालू हुता, तरी रात्री दोन तासांत लायटी मंद." त्याच्या पाठोपाठ दुसरं वाक्य येतं, "बॅटरी बाद झाली असंल, नवीनच टाकूया." हे दुसरं वाक्य ऐकलं की माझा जीव तुटतो. १५० अँपियर-तासांची ट्युब्युलर बॅटरी दहा-पंधरा हजारांच्या घरात जाते. तंबाखूच्या वखारीत नाहीतर विड्या वळून पैसे जोडणाऱ्या घराला ती रक्कम लहान नाही. आणि नवी बॅटरी बसवली तरी पुढच्या पौर्णिमेला तक्रार तीच राहणार असते. कारण बहुतेक वेळा दोष जुन्या बॅटरीत नसतो, अल्टरनेटरमध्येही नसतो. तो असतो दोघांच्या मधल्या वाटेत.

ही वाट तपासायची कशी, ते ज्याच्याकडं ट्रॉली आहे त्या प्रत्येकाला कळलं पाहिजे, असं मला वाटतं. त्यासाठी इंजिनिअर असावं लागत नाही. तीन-चारशे रुपयांचा डिजिटल मीटर आणि हेडलाइटचा एक जुना बल्ब एवढं पुरतं.

आधी बॅटरीची भाषा. बारा व्होल्टची बॅटरी म्हणजे आत सहा सेल. पूर्ण भरलेली बॅटरी काही तास स्वस्थ ठेवून मोजली तर १२.६ ते १२.७ व्होल्ट दाखवते. १२.२ म्हणजे साधारण अर्धी. ११.८च्या खाली गेली म्हणजे रिकामीच समजायची. या सगळ्या खेळात व्होल्टचा एक दशांशही मोठा असतो, १२.७ आणि १२.२ यांत फरक अर्ध्या व्होल्टचा दिसतो, पण तो अर्ध्या बॅटरीचा फरक आहे. आणि भरायची असेल तर बॅटरीच्या टोकांवर तिच्यापेक्षा जास्त व्होल्ट पोचावे लागतात, १४ ते १४.४. ट्रॅक्टरचा अल्टरनेटर तेवढेच देतो. म्हणजे वाटेत खर्च करायला आपल्या हातात फार काही नसतं. एक-दीड व्होल्ट वायरीतच संपला तर पलीकडं बॅटरी भरायला उरतं काय?

पहिली तपासणी ट्रॅक्टरवरच. इंजिन बंद असताना ट्रॅक्टरच्या बॅटरीवर मीटर लावा, मग इंजिन चालू करून ॲक्सिलरेटर थोडा ओढा आणि पुन्हा बघा. आकडा १४च्या आसपास चढला पाहिजे. १३.५च्या वर जातच नसेल तर बेल्ट सैल आहे किंवा कटआउट, म्हणजे व्होल्ट आवरणारा रेग्युलेटर, गेलाय. ते आधी करून घ्या, पुढचं सगळं त्यावर अवलंबून आहे. १५च्या वर जात असेल तर तोही दोषच. त्यानं पाणी उकळून दोन्ही बॅटऱ्या खराब होतात. ट्रॅक्टर स्लोवर ठेवून मात्र ही पारख करू नका. कमी फेऱ्यांवर अल्टरनेटर त्याच्या ताकदीच्या अर्ध्यानंही देत नाही. मुक्कामाच्या जागी रात्रभर ट्रॅक्टर स्लोवर ठेवून बॅटरी भरायचा जो प्रकार चालतो, त्यात तासाला लिटरभर तरी डिझेल जातं, धुरात शेजारच्या ट्रॉलीतली पोरं खोकतात आणि बॅटरीत पडतं थोडकंच.

आता ट्रॉलीकडं या. इथंच बहुतेकांची फसगत होते. ट्रॉलीकडं आलेल्या दोन वायरी बॅटरीवरून काढून त्यांच्या टोकांना मीटर लावला की तो १४.१ दाखवतो. बघणारा म्हणतो, सप्लाय तर बरोबर येतोय, मग बॅटरीच खराब. पण मीटर करंट जवळजवळ ओढतच नाही. विहिरीवरून शेताच्या टोकापर्यंत अर्ध्या इंची पाइप नेला आणि तोटी बंद ठेवली तर टोकाशीही दाब पुरा असतो; तोटी सोडली की धार बारीक होते. वायरीचं तसंच आहे. करंट वाहत नसताना घेतलेलं मोजमाप वायरीबद्दल काहीच सांगत नाही. मोजायचं ते करंट वाहत असताना, आणि तेही पलीकडच्या टोकाला. माझ्या इतक्या वर्षांच्या कामातून कुणाला एकच गोष्ट सांगायची झाली तर मी हीच सांगेन.

म्हणून हेडलाइटचा बल्ब. ५५-६० वॅटचा साधा बल्ब साडेचार अँपियरच्या आसपास करंट घेतो. ट्रॉलीकडच्या टोकांना तो जोडायचा, ट्रॅक्टर चालू ठेवायचा आणि बल्ब पेटलेला असताना मीटर लावायचा.

एका ट्रॉलीचं सांगतो, कारण तिच्यात सगळे दोष एकाच ठिकाणी होते. मोकळ्या टोकांना १४.१ होते. बल्ब लावला आणि आकडा १२.१वर आला. दोन व्होल्ट वाटेत गायब. मग ते कुठं गेले ते शोधायचं. मीटरची लाल पिन ट्रॅक्टरच्या बॅटरीच्या प्लसला आणि काळी पिन ट्रॉलीतल्या प्लसच्या टोकाला. दोन्ही टोकं प्लसचीच असल्यामुळं मीटरनं शून्य दाखवायला हवं असं वाटतं, पण बल्ब पेटलेला असताना मीटर जे दाखवतो ते त्या एका वायरीनं खाल्लेले व्होल्ट असतात. इथं ०.९ आले. मग मायनस ते मायनस. १.१ आले. दोन्हींची बेरीज दोन, हिशोब जुळला. दोष कुठल्या बाजूला किती, हे काहीही न उघडता कळलं.

(मीटरची पिन लांब पोचत नाही, त्यासाठी दहा मीटरची कुठलीही बारीक वायर जोडून घ्या. तिच्यातून करंट वाहणार नसतो, त्यामुळं तिच्या जाडीनं मोजमाप बिघडत नाही.)

प्लसच्या बाजूला वायर होती दीड एमएमची, घराच्या दिव्याच्या बटणाला वापरतात ती. ट्रॅक्टरच्या बॅटरीपासून ट्रॉलीच्या मागच्या पेटीपर्यंत दहा मीटर. तांब्याच्या या वायरीचा रोध मीटरमागं साडेअकरा मिलिओहमच्या आसपास असतो, म्हणजे दहा मीटरला साधारण ०.११५ ओहम. साडेचार अँपियरनं गुणलं की अर्धा व्होल्ट. उरलेले ०.४ कुठं? मागच्या दिव्यांसाठी जो सात पिनांचा सॉकेट असतो, त्याच्याच एका मोकळ्या पिनेतून चार्जिंग नेलेलं होतं. सॉकेट खोलला तर आत पिनेवर हिरवा गंज चढलेला आणि स्क्रूखाली वायरीच्या निम्म्या तारा तुटलेल्या. अंगठ्यानं घासलं तर हिरवी भुकटी बोटाला लागली. उसाच्या हंगामात या सॉकेटवर मळीचा चिकटा, धूळ आणि पाणी बसतं. तो दिव्यांसाठी आहे, दहा-पंधरा अँपियर सतत वाहून न्यायला नाही.

मायनसच्या बाजूचं आणखी वाईट. मायनसला वायरच नव्हती. ट्रॉलीच्या चासीला अर्थ मारलेला, आणि करंट परत ट्रॅक्टरकडं जाणार तो हुकाच्या पिनेतून. त्या पिनेला ग्रीस, खाली गंज, आणि वाटेच्या प्रत्येक खड्ड्याला ती उडते. मी मीटर लावून धरला आणि चालकाला ट्रॅक्टर हातभर पुढं-मागं करायला सांगितलं. १.१चा आकडा कधी ०.६ झाला, कधी २च्या वर गेला. वर चासीवरचा थिंबल, म्हणजे वायरीच्या टोकाचा धातूचा कान, रंगावरच बोल्ट करून बसवला होता, खालचं लोखंड घासलंच नव्हतं.

आता हिशोब करा. एवढा रोध वाटेत असताना अर्ध्या रिकाम्या बॅटरीत सुरुवातीला जेमतेम तीन अँपियर जातात, आणि बॅटरीचे व्होल्ट जसे वर सरकतात तसे दोनवर येतात. निपाणीहून संकेश्वर, गोकाक, यरगट्टी करत सौंदत्ती सव्वाशे-दीडशे किलोमीटर. ट्रॅक्टरला सहा-सात तास धरा. एवढ्या वेळात बॅटरीत पडले पंधरा-वीस अँपियर-तास. चार एलईडी नऊ-नऊ वॅटचे, सहा तास चालले की अठरा अँपियर-तास खातात. दहा फोन चार्ज केले की आणखी पंधरा. म्हणजे दिवसभराची कमाई एका रात्रीलाही पुरत नाही. बॅटरी बिचारी शाबूत होती.

त्या ट्रॉलीला मी प्लस आणि मायनस दोन्हीकडं १० एमएमची वायर टाकली. या वायरीचा रोध मीटरमागं १.७ मिलिओहमच्या आसपास, म्हणजे जाऊन-येऊन वीस मीटरला ०.०३४ ओहम. मायनसची वायर थेट ट्रॅक्टरच्या बॅटरीच्या मायनसपर्यंत नेली, हुकाच्या पिनेवर काही सोडलं नाही. थिंबल दाबून क्रिंप केले, नुसते पिळून टेप मारले नाहीत. ट्रॅक्टर आणि ट्रॉलीच्या मध्ये ५० अँपियरचा चौकोनी जोड बसवला, ई-रिक्षाला चार्जिंगसाठी असतो तो. ओढला की सुटतो, दाबला की घट्ट बसतो. पुन्हा बल्ब लावला. १३.९. त्याच जुन्या बॅटरीत आता सुरुवातीचे काही तास पंधरा-वीस अँपियर जायला लागले. वायर, जोड, थिंबल, मजुरी मिळून खर्च नव्या बॅटरीच्या तुलनेत अगदी थोडा आला.

वायर घेताना एक जपा. बाजारात तांब्याचा नुसता मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची वायर मिळते. वरून दिसायला तांबंच, स्वस्तही. पण ॲल्युमिनियमचा रोध तांब्याच्या दीडपटीहून जास्त असतो, आणि हादऱ्यानं ती थिंबलपाशी तुटते. टोक चाकूनं खरवडून बघा, आत पांढरी निघाली तर परत द्या.

हाच अर्थ आणि हाच सॉकेट मागच्या लाल दिव्यालाही असतो, हे इथं सांगितल्याशिवाय मला पुढं जाता येत नाही. पुणे-बेंगळुरू हायवेवर तवंदी घाटाच्या चढाला रात्री उसाची भरलेली जोड ट्रॉली माणसाच्या चालीनं चढत असते. मागून गाडी येते ती ऐंशी-शंभरच्या वेगानं. मागचे दिवे हुकाच्या पिनेवरच्या अर्थमुळं लुकलुकत असतील किंवा विझले असतील तर त्या गाडीवाल्याला समोर फक्त अंधार दिसतो. असे अपघात या पट्ट्यात होतात आणि त्यांत माणसं जातात. चार्जिंगसाठी मायनसची वायर टाकाल तेव्हा तिचाच एक फाटा मागच्या दिव्यांच्या अर्थला द्या. वेगळा खर्च काही नाही. मागं लाल रिफ्लेक्टर पट्टीही मारा. तिला वायर लागत नाही, बॅटरी लागत नाही.

आता दुसरी तक्रार, पहिलीच्या अगदी उलट. ट्रॉलीतली बॅटरी चांगली भरते, पण सकाळी ट्रॅक्टरचा सेल्फ नुसता टकटक करतो. याचं कारण असं, की दोन बॅटऱ्या थेट वायरीनं जोडल्या की त्या रात्रीही जोडलेल्याच राहतात. ट्रॉलीतले दिवे दोन्ही बॅटऱ्या मिळून पितात. उसाच्या हंगामात ही तक्रार फार येते. बीडकडून, जतकडून, विजयपूरकडून ऊसतोडीच्या टोळ्या ट्रॉलीत संसार भरून इकडं येतात, शेताकडंला कोप्या घालतात. कोपीत वीज नसते. पहाटे तीन-चारला उठून भाकऱ्या करायच्या, अंधारात मोळ्या भरायच्या, आणि गावाकडं ठेवलेल्या पोरांशी बोलायचं ते फोनवर. मग त्यांनी ट्रॅक्टरच्या बॅटरीवरून दिवा आणि फोन लावला तर त्यांना दोष कसा द्यायचा? पण सकाळी सेल्फ लागला नाही की चालक चिडतो, मुकादम चिडतो, खेप चुकते, आणि बोलणी बसतात टोळीला. अशा वेळी मी मालकाला सांगतो, माणसांवर ओरडू नका, एक रिले बसवा आणि टोळीसाठी एक वेगळी बॅटरी ट्रॉलीला द्या.

रिले म्हणजे करंटच्या वाटेतलं आपोआप उघडणारं-मिटणारं दार. साधा रिले इग्निशनवर चालतो. चावी चालू असली की दोन बॅटऱ्या जोडलेल्या, चावी काढली की सुटलेल्या. त्याहून बरा तो व्होल्ट ओळखणारा. ट्रॅक्टरच्या बॅटरीवर साधारण १३.३च्या वर व्होल्ट चढले, म्हणजे अल्टरनेटर काम करतोय असं समजून तो जोडतो, १२.८च्या आसपास उतरले की तोडतो. रिले जड करंटचा घ्या. सुरुवातीला रिकामी बॅटरी एकदम करंट ओढते, तेव्हा हॉर्नचा ३० अँपियरचा रिले चिकटून बसतो आणि मग त्याचा काही उपयोग राहत नाही. काही जण रिलेऐवजी डायोड टाकतात. करंट मागं येत नाही हे खरं, पण साधा डायोड स्वतःच अर्धा-पाऊण व्होल्ट ठेवून घेतो. जे व्होल्ट वाचवायला आपण जाड वायर टाकली, तेच इथं गमवायचे. मी तो बसवत नाही.

हल्ली तिसरं गिऱ्हाईकही येतं. पुण्या-मुंबईकडून गोव्याला निघालेली मंडळी, जीपच्या मागं राहायची गाडी जोडलेली, आत पलंग, छोटा फ्रिज, पाण्याचा पंप. महाराष्ट्र सरकारनं २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं, तेव्हापासून ही हौस वाढताना दिसते. कुणी संकेश्वरवरून आंबोलीकडं वळतं, कुणी बेळगाववरून चोर्ल्याच्या घाटानं उतरतं. त्यांचं दुखणं थोडं वेगळं. वायर जाड असते, जोड उत्तम असतो, व्होल्ट ओळखणारा रिलेही असतो, आणि तरी मागची बॅटरी भरत नाही. मीटर लावला तर गाडी चालू असताना गाडीच्याच बॅटरीवर १२.६ नाहीतर १२.८. अल्टरनेटर खराब म्हणावा तर गाडी सहा महिन्यांपूर्वी घेतलेली.

तिथं अल्टरनेटर खराब नसतो. एप्रिल २०२० पासून बीएस-६ लागू झालं. इंधन आणि धूर वाचवायला पुष्कळ नव्या गाड्यांत अल्टरनेटरचा ताबा आता गाडीच्या कॉम्प्युटरकडं आहे. पुढची बॅटरी पुरेशी भरलीय असं वाटलं की तो अल्टरनेटरचे व्होल्ट मुद्दाम खाली आणतो. उतारावर ॲक्सिलरेटर सोडला की पुन्हा वर नेतो. त्याला मागच्या बॅटरीची खबरच नसते. रिलेला वाटतं इंजिन बंद झालं, तो वाट तोडतो. अशा गाडीला एकच उपाय, डीसी टू डीसी चार्जर. हा डबा मागच्या बॅटरीजवळ बसवायचा. पुढून १२.५ आले काय किंवा १४ आले काय, तो आपल्याला हवे तेवढे १४.४ करून बॅटरीला देतो, भरत आली की आपणच कमी करतो. लिथियमची बॅटरी असेल तर तो हवाच, कारण ती रिकामी असताना इतका करंट ओढते की साधा अल्टरनेटर तापून जळू शकतो. चार्जर गाडीच्या चालू-बंदच्या सिग्नलवर जोडायचा, नाहीतर तो उभ्या गाडीतही पुढची बॅटरी उपसत राहील. आणि व्होल्ट वाढवून देतो म्हणून बारीक वायर चालते असं समजू नका. पुढून व्होल्ट कमी आले की तेवढीच वॅट काढायला तो करंट जास्त ओढतो, मग वायर तापते.

मुक्काम तीन दिवसांचा आणि गाडी जागची हलणार नसेल तर मात्र सोलर पॅनेल बरं. माघातल्या उन्हात १०० वॅटचं पॅनेल दिवसाला तीसेक अँपियर-तासांपर्यंत देतं; दिवे आणि बरेचसे फोन त्यात निघतात, डिझेल जळत नाही.

आणि खरोखरच बॅटरी खराब असेल तर? तेही ओळखता येतं. झाकणं असलेल्या बॅटरीत हायड्रोमीटर घालून सहाही सेलची ग्रॅव्हिटी, म्हणजे आतल्या ॲसिडची घनता, बघा. भरलेल्या बॅटरीत ती १२५०च्या आसपास असावी. सहाही सेल सारखेच खाली असतील तर बॅटरी नुसती रिकामी आहे, चार्जरवर लावा. पाच सेल १२४० आणि एक ११६० असेल तर तो सेल गेला. मग माझं काय किंवा कुणाचंच काही चालत नाही. यात्रेहून आलेली अर्धी बॅटरी तशीच कोपऱ्यात ठेवून द्यायची, ही सवय बॅटरीला सगळ्यात जास्त मारते. अर्धवट रिकाम्या बॅटरीच्या प्लेटांवर सल्फेट बसतं आणि दगडासारखं घट्ट होत जातं, मग किती चार्ज केलं तरी निम्मीच क्षमता उरते. घरी आल्या आल्या घरच्या इन्व्हर्टरला किंवा चार्जरला रात्रभर लावा, पातळी बघून डिस्टिल्ड वॉटर घाला. नळाचं, बोअरचं पाणी घालू नका.

शेवटी जोडणीतल्या दोन गोष्टी, ज्यांत मी कुणाचं ऐकत नाही. वायरीला दोन्ही टोकांना फ्यूज हवा. एकाच टोकाला फ्यूज घालून लोक निश्चिंत होतात, पण या वायरीच्या दोन्ही टोकांना बॅटरी आहे. मधेच चाकाला घासून वायर चासीला लागली तर दोन्हीकडून करंट तुटून पडतो आणि बिनफ्यूजच्या बाजूची वायर लाल होते. खाली पिंजर पसरलेली, त्यावर माणसं झोपलेली. म्हणून दोन्ही बॅटऱ्यांच्या टर्मिनलपासून वीतभर अंतरात एकेक फ्यूज. ६ एमएमच्या वायरीला ३० अँपियरचा, १० एमएमला ४० चालेल. फ्यूज सारखा उडतोय म्हणून जागी तार गुंडाळायची नाही. आणि वायर चाकापासून, सायलेन्सरपासून लांब, कंड्युट पाइपातून.

दुसरी गोष्ट बॅटरीच्या जागेची. भरत असताना बॅटरीतून हायड्रोजन निघतो, आणि आता वायर जाड केल्यामुळं ती जोरानं भरणार असते. ताडपत्रीच्या आत, शेगडीपासून दोन हातांवर, उशाशी बॅटरी ठेवलेली मी बघितलीय. तशी ट्रॉली मी दुकानातून सोडत नाही. ट्रॉलीच्या पुढच्या पाट्याला बाहेरून, हुकाच्या वरच्या अंगाला लोखंडी पेटी वेल्डिंग करून घ्या. पेटीला वरच्या बाजूला दोन्हीकडं भोकं ठेवा, खाली रबर टाका, बॅटरी पट्ट्यानं आवळा. तिथून आत फक्त दिव्यांच्या वायरी न्या, त्याही फ्यूजमधून. एक आणखी फायदा होतो. पेटी पुढं आल्यामुळं ट्रॅक्टरपासूनची वायर दहा मीटरवरून चारवर येते, आणि मग ६ एमएमच्या वायरीवरही भागतं.